नद्या, धबधबे आणि पूल : जुन्या चित्रकार्डांतील नोंद

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर वसलेल्या पांढुर्णा व सौंसर या तहसिलींचे जीवन नद्यांशी जोडलेले आहे. पांढुर्ण्यातून जाम नदी वाहते आणि पुढे ती कन्हानेला मिळते. कन्हान नागपूर जिल्ह्यात उतरून कामठीजवळ पेंचेचे पाणी घेते व शेवटी वैनगंगेत विलीन होते. पश्चिमेस मुलताईच्या पठारावरून तापी व वर्धा या दोन मोठ्या नद्या निघतात. संत्र्याच्या बागा, कापसाची शेते, बाजाराचे रस्ते, देवस्थाने आणि जत्रा या सर्वांचा संबंध कोठे ना कोठे नदीच्या पाण्याशी येतो. असे असूनही पन्नास वा शंभर वर्षांपूर्वी या नद्या कशा दिसत होत्या, त्यांत कोणत्या महिन्यात किती पाणी असे, त्या कोठून ओलांडल्या जात, हे विचारल्यास उत्तर देणारी साधने थोडीच हाती लागतात.

जगातील काही नद्यांच्या बाबतीत ही उणीव एका साध्या वस्तूने पुष्कळ अंशी भरून काढली आहे. ती वस्तू म्हणजे सचित्र पोस्टकार्ड होय. प्रवासाला गेलेल्या माणसाने घरी खुशाली कळविण्यासाठी घेतलेले, एका बाजूस धबधब्याचे किंवा पुलाचे चित्र असलेले हे कार्ड आज इतिहासाचे आणि भूगोलाचेही साधन ठरले आहे. जुन्या घरांतील पेट्या व फडताळे आवरताना अशी कार्डे पुष्कळदा रद्दीत जातात. त्यांचे मोल काय, ती कशी वाचावीत आणि त्यांपासून आपल्या भागातील नद्यांसाठी काय घेता येईल, याचा विचार येथे केला आहे.

पोस्टकार्डाचा उगम

लिफाफ्याशिवाय, उघड्या कार्डावर मजकूर लिहून तो स्वस्तात पाठविता यावा, ही कल्पना ऑस्ट्रियातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक एमॅन्युएल हेर्मान यांनी १८६९ साली मांडली. त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपाल खात्याने जगातील पहिले पोस्टकार्ड विक्रीस आणले. पुढील वर्षी जर्मनी व ब्रिटन यांनी ही पद्धत स्वीकारली. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. देशांतर्गत कार्डाची किंमत पाव आणा, म्हणजे त्या काळचा एक पैसा होती. रुपयाचे चौसष्ट पैसे होत असत, हे ध्यानात घेतले म्हणजे सामान्य माणसाला हे साधन किती सुलभ झाले, हे समजून येईल.

आरंभीची कार्डे चित्राविना होती. १८८९ साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात आयफेल मनोऱ्याचे चित्र असलेली कार्डे विकली गेली आणि सचित्र कार्डांची आवड वाढली. ब्रिटनने १८९४ पासून खाजगी छापखान्यांच्या कार्डांना तिकीट लावून पाठविण्याची मुभा दिली. १८७४ साली बर्न येथे स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघटनेमुळे एका देशाचे कार्ड दुसऱ्या देशात ठरावीक दराने जाऊ लागले होतेच. या संघटनेत भारत १८७६ साली सामील झाला होता. आगगाडी व आगबोट यांनी प्रवास वाढला, छपाई स्वस्त झाली आणि १९०० ते १९१४ या काळात चित्रकार्डांचा जगभर सुकाळ झाला.

प्रवासी जेथे जात तेथली चित्रे निघत. म्हणूनच मोठी नदी, उंच धबधबा आणि नवा पूल हे विषय पुन्हा पुन्हा आढळतात. धबधब्यात निसर्गाचे सामर्थ्य दिसे, तर पुलात माणसाच्या कौशल्याचा अभिमान. लंडनची राफाएल टक ही कंपनी जगभरच्या स्थळांची रंगीत कार्डे काढी. भारतात मुंबईची क्लिफ्टन आणि कलकत्त्याची जॉन्स्टन अँड हॉफमन या छायाचित्रकारांच्या पेढ्यांची कार्डे प्रसिद्ध होती.

चित्र कसे छापले जाई

जुन्या कार्डावरील चित्र कोणत्या रीतीने छापले आहे, हे साध्या भिंगाने ओळखता येते. चित्र बारीक, समान अंतरावरील ठिपक्यांचे दिसले तर ते धातूच्या ठशावरून, म्हणजे हाफटोन ब्लॉकवरून, छापलेले असते. ठिपके अनियमित आणि रंगांचे थर एकमेकांवर चढलेले दिसले तर ती शिळाछपाई असण्याचा संभव अधिक. झुरिक येथे विकसित झालेल्या फोटोक्रोम पद्धतीत एकाच काळ्यापांढऱ्या छायाचित्रावरून प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करीत. भिंगाखाली ठिपके मुळीच न दिसता छटा अखंड उतरलेल्या असतील तर ते कार्ड म्हणजे प्रत्यक्ष छायाचित्रच, कार्डाच्या जाड कागदावर काढलेले, असे समजावे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. त्या काळच्या बहुतेक कार्डांवरील रंग कॅमेऱ्याने टिपलेले नाहीत. ते छापखान्यातील कारागिरांनी भरलेले आहेत, आणि त्यांपैकी अनेकांनी ते स्थळ पाहिलेलेही नसे. तेव्हा नदीचे निळे पाणी पाहून तेथील पाणी निर्मळ होते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. काठाचा आकार, खडकांची मांडणी व पुलाचे खांब यांवर मात्र पुष्कळ भरवसा ठेवता येतो.

धबधब्यांची बदललेली रूपे

अमेरिका व कॅनडा यांच्या सरहद्दीवरील नायगारा हा चित्रकार्डांवर सर्वांत अधिक छापल्या गेलेल्या धबधब्यांपैकी एक होय. त्याच्या जुन्या कार्डांत हिवाळ्याची एक विलक्षण चित्रमाला आढळते. धबधब्याखाली साचलेल्या बर्फाचा जणू पूल तयार झालेला असून त्यावर स्त्री-पुरुष सहलीला आल्याप्रमाणे हिंडत आहेत, असे हे दृश्य असते. ४ फेब्रुवारी १९१२ रोजी हा बर्फाचा थर फुटून तीन जणांचे प्राण गेले. त्यानंतर त्यावर जाण्यास बंदी करण्यात आली. ती कार्डे आज एका बंद झालेल्या प्रथेचा पुरावा आहेत.

नायगाऱ्याच्या पाण्याचा इतिहासही असाच आहे. वीजनिर्मितीसाठी बरेचसे पाणी धबधब्यावर पोचण्यापूर्वीच वळविले जाते. १९५० साली दोन्ही देशांनी केलेल्या करारानुसार प्रवासी हंगामात दिवसा सेकंदाला किमान १ लाख घनफूट आणि अन्य वेळी किमान ५० हजार घनफूट पाणी धबधब्यावरून सोडावे लागते. म्हणजे आजचा प्रवासी पाहतो तो धबधबा करारात बांधलेला आहे. प्रारंभीच्या कार्डांवर दिसतो तो या करारापूर्वीचा.

मराठी वाचकांस अधिक परिचित उदाहरण गिरसप्पाच्या धबधब्याचे होय. शरावती नदीवरील या धबधब्याची उंची २५३ मीटर आहे. राजा, राणी, रोअरर व रॉकेट या त्याच्या चार धारा प्रसिद्ध आहेत. शेजारचा उत्तर कानडा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्याने त्या बाजूच्या प्रवाशांतही या धबधब्याची ख्याती होती. येथील वीजकेंद्र १९४८ साली सुरू झाले आणि १९६४ साली वरच्या बाजूस लिंगनमक्की धरण पूर्ण झाले. तेव्हापासून धबधब्याचे पाणी पाऊसकाळ व धरणाचा विसर्ग यांवर अवलंबून राहिले. वीजकेंद्रापूर्वीचे एखादे कार्ड आणि आजचे उन्हाळ्यातील छायाचित्र शेजारी ठेवले तर विजेच्या दिव्यामागे नदीने काय दिले, याची कल्पना विद्यार्थ्याला लांबलचक वर्णनावाचून येते. वीज आवश्यक होती हे खरे, आणि तिच्यासाठी मोल द्यावे लागले हेही तितकेच खरे.

मध्य प्रदेशातील भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि नर्मदेचा धुवांधार धबधबा हेही जुन्या चित्रकार्डांचे आवडते विषय होते. आफ्रिकेतील झांबेझी नदीवरील व्हिक्टोरिया धबधब्याला तेथील लोक ‘गर्जणारा धूर’ या अर्थाच्या नावाने ओळखतात. धुवांधार या नावामागेही तीच कल्पना आहे. दूर दूरच्या दोन प्रदेशांतील लोकांनी उडणारे तुषार पाहून एकच उपमा योजावी, ही बाब भूगोलाच्या तासाला सांगण्याजोगी आहे. जबलपूरच्या वरच्या बाजूस बरगी येथे १९७० च्या दशकात धरणाचे काम सुरू झाले व १९९० च्या सुमारास ते पूर्ण झाले. त्यात अनेक गावे पाण्याखाली गेली. धुवांधारच्या जुन्या कार्डांतील प्रवाह हा त्या धरणापूर्वीचा प्रवाह आहे.

न राहिलेले पूल

धबधबे बदलले, तर काही पूल नाहीसेच झाले. नायगारा येथे १८९८ च्या सुमारास उभा राहिलेला पोलादी कमानीचा पूल चाळीस वर्षे प्रवाशांच्या कार्डांवर झळकत होता. २७ जानेवारी १९३८ रोजी नदीतील बर्फाच्या रेट्याने त्याच्या पायाचा आधार गेला व संपूर्ण कमान खाली कोसळली. पुढे १९४१ साली जवळच नवा पूल बांधताना त्याचे आधार पाण्याच्या व बर्फाच्या पातळीपासून पुष्कळ उंच ठेवण्यात आले. व्हिक्टोरिया धबधब्याजवळचा, सप्टेंबर १९०५ मध्ये खुला झालेला व पाण्यापासून सुमारे १२८ मीटर उंच असलेला पूल मात्र आजही उभा आहे. त्यामुळे त्याची शंभर वर्षांपूर्वीची कार्डे व आजची छायाचित्रे ताडून पाहता येतात.

कलकत्त्यास हुगळी नदीवर १८७४ पासून तरत्या पडावांचा पूल होता. जहाजांना वाट देण्यासाठी त्याचा मधला भाग बाजूला करीत. आजचा हावडा पूल १९४३ साली खुला झाला आणि जुना तरता पूल गेला. बैलगाड्या, पालख्या, ट्राम पकडण्यास धावणारे कारकून व डोक्यावर ओझे घेतलेले हमाल यांनी गजबजलेला तो पूल आज चित्रांतच पाहावयास मिळतो.

महाराष्ट्राने अलीकडे असाच एक पूल गमावला. महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. त्याबरोबर दोन एसटी बसगाड्या व इतर वाहने गेली आणि अनेक कुटुंबांवर आघात झाला. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने मुठेचा काठ पालटला. पुरापूर्वीच्या काठावरील वाडे, घाट व पूल यांची चित्रे त्यामुळे विशेष मोलाची ठरतात.

या उदाहरणांवरून जुन्या चित्रांचा एक व्यावहारिक उपयोग स्पष्ट होतो. पूल किती उंच असावा हे ठरविताना अभियंत्यांना त्या जागेची आजवरची महापूर पातळी विचारात घ्यावी लागते. जेथे मोजणीच्या नोंदी नसतात तेथे काठावरील खुणा व वृद्ध ग्रामस्थांची माहिती यांचा आधार घेतात. पुलाचे वा घाटाचे तारीख असलेले जुने चित्र त्या माहितीला बळकटी देऊ शकते. किती पायऱ्या पाण्याबाहेर आहेत, खांबांवर ओल कोठवर चढली आहे, पात्रात वाळू आहे की खडक उघडा पडला आहे, या साध्या गोष्टी चित्रात मोजता येतात.

कार्डाचा काळ कसा ओळखावा

चित्राला तारीख नसेल तर त्याचे महत्त्व निम्म्याने कमी होते. सुदैवाने पोस्टकार्डावर काळाच्या अनेक खुणा असतात. टपालाचा शिक्का वाचता आला तर कार्ड कोणत्या दिवशी निघाले ते कळते. अर्थात चित्र त्याहून जुने असू शकते, कारण एकच चित्र वर्षानुवर्षे छापले जाई. शिक्का पुसट असल्यास तिकिटावरील चेहरा पाहावा. भारतीय तिकिटावर व्हिक्टोरिया राणी असल्यास कार्ड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे किंवा विसाव्या शतकाच्या अगदी प्रारंभीचे समजावे. त्यानंतर सातवे एडवर्ड, १९११ च्या सुमारापासून पाचवे जॉर्ज व १९३० च्या दशकाअखेरीपासून सहावे जॉर्ज असा क्रम येतो. किंमत ‘नये पैसे’ या शब्दांत असल्यास ते तिकीट १ एप्रिल १९५७ नंतरचे ठरते.

कार्डाची मागील बाजूही बोलकी असते. आरंभी मागील संपूर्ण बाजू पत्त्यासाठी राखलेली असे व मजकूर चित्राच्या कडेला उरलेल्या कोऱ्या जागेत दाटीवाटीने लिहावा लागे. मागील बाजूचे उभ्या रेघेने दोन भाग करून एकात मजकूर व दुसऱ्यात पत्ता लिहिण्याची मुभा ब्रिटनने १९०२ साली व अमेरिकेने १९०७ साली दिली. त्यामुळे रेघ नसलेले कार्ड सहसा अधिक जुने असते.

पत्त्यावरूनही काळ कळतो. पांढुर्णा वा सौंसर या नावांपुढे ‘सी. पी.’ असे लिहिले असेल तर ते मध्यप्रांताच्या काळातील, आणि ‘मध्य प्रदेश’ असे असेल तर १९५० नंतरचे समजावे. १९५६ पर्यंत या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. पिनकोडाचे आकडे असतील तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे असते, कारण ही पद्धत त्या दिवशी सुरू झाली. दोन्ही तहसिली दीर्घकाळ छिंदवाडा जिल्ह्यात होत्या. स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये अस्तित्वात आला. तेव्हा आज लिहिल्या जाणाऱ्या पत्त्यालाही उद्या असाच अर्थ येणार आहे.

चित्रावर किती विसंबावे

चित्रकार्ड हे विक्रीसाठी केलेले असे, ही गोष्ट विसरून चालणार नाही. दिवसा घेतलेल्या छायाचित्रावर निळा रंग चढवून व चंद्र काढून ते ‘चांदण्यातील देखावा’ म्हणून विकीत. नको असलेल्या तारा व खांब पुसून टाकीत. पाणी कमी असलेल्या ऋतूतील चित्र सहसा निवडले जात नसे. चित्रांत नावाडी, कोळी, धोबी आणि पाणी भरणाऱ्या बायका दिसतात, परंतु त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांचा उपयोग देखाव्याची शोभा वाढविण्यापुरता केला गेला. जी नदी त्यांच्या उपजीविकेचे साधन होती, तिच्याविषयी त्यांना काय ठाऊक होते, हे त्या कार्डांवरून कळत नाही. ही उणीव पुढील नोंदी करणाऱ्यांनी टाळावयास हवी.

जाम व कन्हान यांची नोंद

प्रवाशांची वर्दळ नसलेल्या शेतीप्रधान भागातील लहान नद्यांच्या वाट्याला चित्रकार्डांचे भाग्य क्वचितच आले. परंतु त्यांची चित्रे मुळीच नाहीत असे मात्र नव्हे. ती लग्नाच्या, जत्रेच्या, शाळेच्या सहलीच्या छायाचित्रांत पार्श्वभूमी म्हणून दडलेली आहेत. नागपूर-छिंदवाडा ही सौंसरवरून जाणारी अरुंद रुळांची लहान गाडी २०१५ साली रुंदीकरणासाठी बंद झाली. तिच्या अखेरच्या दिवसांत अनेकांनी घेतलेल्या चित्रांत नदी-नाल्यांवरील जुने पूलही आले आहेत. गाडीची आठवण म्हणून जपलेले चित्र पुलाची नोंद म्हणूनही उपयोगी पडेल.

पांढुर्ण्याची गोटमार हे याचे आणखी ठळक उदाहरण होय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि पांढुर्णा व सावरगाव येथील लोक दोन्ही काठांवर जमतात. दगडफेकीत माणसे जखमी होतात, प्रसंगी प्राणही जातात. त्यामुळे हा दिवस प्रशासनाच्या व अनेक घरांच्या चिंतेचा असतो. वृत्तपत्रांतून त्या दिवसाची चित्रे येतात ती याच कारणाने. परंतु त्याच चित्रांत दरवर्षी, ठरावीक तिथीस, ठरावीक ठिकाणची जाम नदी टिपली जाते, याकडे सहसा लक्ष जात नाही. अशी चित्रे वर्षांच्या क्रमाने लावली तर भाद्रपदाच्या आरंभी नदीत किती पाणी होते, पात्र कोठवर रुंद होते, काठावरील घरे केव्हा पुढे सरकली, याची नोंद आपोआप उभी राहील. तिथी दरवर्षी वेगळ्या इंग्रजी तारखेस येत असल्याने चित्रामागे दोन्ही लिहावयास हवीत.

शाळांना हे काम सहज करता येईल. नदीकाठची एक जागा कायमची ठरवावी. पुलाचा एखादा खांब, घाटाची पायरी किंवा मोठा खडक अशी न हलणारी खूण चित्रात येईल असे उभे राहावे. श्रावण, कार्तिक, माघ व वैशाख अशा चार वेळी त्याच जागेवरून छायाचित्र घ्यावे. त्याची प्रत कार्डाच्या आकारात काढून मागील बाजूस तारीख, वेळ, पाण्याची स्थिती, कोणत्या दिशेस पाहून चित्र घेतले ते, आणि चित्रातील माणसांची त्यांच्या संमतीने नावे लिहावीत. गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांकडून मोठ्या पुरांच्या खुणा विचारून त्या सांगणाऱ्याच्या नावासह नोंदवाव्यात. पाच वर्षांत वीस कार्डे होतील. तेवढ्यावरून एखाद्या विद्यार्थ्याला वर्गात, ग्रामपंचायतीला सभेत आणि अभियंत्याला कामाच्या जागी काही निश्चित सांगता येईल.

जतन

घरोघरी असलेल्या जुन्या कार्डांना ओल, ऊन, वाळवी व कसर या चौघांपासून धोका असतो. ती कोरड्या जागी, जाड कागदाच्या पाकिटांत उभी ठेवावीत. वहीत खळीने वा गोंदाने चिकटवू नयेत, कारण त्यामुळे मागील मजकूर व शिक्का नष्ट होतो. रबराने बांधू नयेत व त्यांवर प्लास्टिकचा थर चढवू नये. नोंद करावयाची झाल्यास मऊ पेन्सिलीने कडेला हलकेच करावी. मोबाइलने चित्र घेताना दोन्ही बाजूंचे घ्यावे. पुष्कळ जण चित्राची बाजूच तेवढी टिपतात आणि तारीख, पत्ता व लिहिणाऱ्याचे शब्द मागेच राहतात. कार्ड दुसऱ्याच्या मालकीचे असल्यास ते मागून न घेता त्याची प्रत करून मूळ कार्ड त्या घरीच ठेवणे इष्ट.

नायगारा वा झांबेझी यांच्या वाट्याला हजारो प्रवासी आले आणि त्यांनी विकत घेतलेल्या कार्डांतून त्या नद्यांची शंभर वर्षांची स्मृती टिकली. जाम व कन्हान यांच्या काठी राहणाऱ्यांना बाहेरच्या प्रवाशाची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या पोळ्याला नदीवर जाताना आपण कोठे उभे आहोत, पाणी कोठवर आहे आणि आज तारीख कोणती, एवढे लिहून ठेवले तरी त्या कामास आरंभ होईल.